वरच्यांची डबी

मे महिन्याच्या ऐन उन्हाळ्यात मी एका डबीला स्वेटर घातला होता. काडेपेटीहून जरा लांबट अशी अॅल्युमिनियमची डबी, आणि तिच्या मापाचा मोरपंखी लोकरीचा स्वेटर, वर एक छोटं पांढरं फूल. एवढं सांगितलं की भिशीतल्या बायका पोट धरून हसतात. नात तर दर वेळी नव्याने हसते. मीही हसवायलाच सांगते आणि हशा ओसरायच्या आत चहा टाकायला उठते, कारण पुढचं सांगायचं नसतं.

तेव्हा माझी साठी केव्हाच उलटली होती, त्यामुळे अल्लडपणा म्हणून सोडून देण्याची सोय नाही. तरी आताच्या मला ती बाई अल्लडच वाटते. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय होतं ते. घरातली एक वस्तू तिने उघडी ठेवली नव्हती. मिक्सरला झबलं, फ्रिजच्या मुठीला मोजा, टीव्हीला भरतकामाचा पडदा, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या पिशवीला रबर. नवऱ्याला मात्र साऱ्या संसारात एकच मफलर विणला, तोही त्याने घातला नाही. आणि जिन्यातल्या दिव्याच्या बटणाखाली त्याच बाईने स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: ‘दिवा बंद करण्यास वीज लागत नाही.’ या पाटीचा तिला इतका अभिमान, की पाहुण्यांना ती दिवसाउजेडी जिन्यातून मुद्दाम वर न्यायची.

ती डबी वरच्यांची. वरचे म्हणजे देव नव्हे, माझे भाडेकरू. विश्रांतवाडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर दोन खोल्या आहेत, तिथे ते आणि त्यांच्या बाई राहायचे. नावाने मी त्यांना कधी हाक मारली नाही. दूधवाल्याला सांगताना ‘वरचे’, मोलकरणीला सांगताना ‘वरचे’, आणि समोर आले की ‘अहो’. ते मला ताई म्हणायचे.

त्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात, म्हणून मी त्या नेहमी सकाळच्या दाखवायची. हे गृहस्थ मुद्दाम भर दुपारी आले. आत शिरल्या शिरल्या त्यांनी उजव्या हाताची पालथी बाजू भिंतीला लावली, मग स्टुलावर चढून छताला लावली. मी घाईघाईने म्हटलं, जरा गरम होतं, पण संध्याकाळी वारा सुरेख येतो. त्यांनी खाली उतरून शांतपणे सांगितलं की ते चंद्रपूरचे, औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या शेजारी त्यांची सगळी नोकरी गेली, आणि याला गरम म्हणत नाहीत, कोमट म्हणतात. मग विचारलं, ही भिंत रात्री उष्णता धरून ठेवते की सोडते? मी म्हटलं, भिंत आहे हो ती, कुत्रं नव्हे धरायला आणि सोडायला. ते हसले. मला वाटलं, जिंकले मी. पुण्यात जन्मलेल्या माणसाला असं वाटायला फारसं काही लागत नाही.

पालथा हात ही त्यांची खूण. दुधाच्या पातेल्याला, विजेच्या बोर्डाला, रस्त्यात उभ्या रिक्षाला, माझ्या मोबाइलला, कशालाही आधी पालथा हात लावायचा आणि निदान करायचं, ‘हे तापून राहिलं.’ त्यांचं सगळं असं राहून राहायचं. ते येऊन राहिले, जेवून राहिले, बघून राहिले. मी खाली मोलकरणीला त्यांची नक्कल करून दाखवायची. ती नक्कल फार हुबेहूब व्हायची, हे आज सांगताना लाज वाटते, आणि अजूनही तितकीच हुबेहूब होते, याची जास्त.

झाकलेल्या वस्तू त्यांना बघवत नसत. चहाला खाली आले की बोलता बोलता मिक्सरचं झबलं काढून घडी घालून ठेवायचे. नव्या मायक्रोवेव्हवरचं प्लॅस्टिक मी वर्षभर जपलं होतं, ते त्यांनी एका बैठकीत सोलून काढलं आणि मला हातात दिलं, जणू केळ्याची साल. म्हणाले, घाम येते ना त्याला. मी म्हटलं, मायक्रोवेव्हला? ते म्हणाले, तुम्हाला नाही येत का? ते गेले की मी झबलं पुन्हा चढवायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढायचे. आमची ओळख अशी वाढली.

एकदा मात्र ते फसले. ती डबी म्हणजे कॉम्प्युटरला जोडून आवाज, चित्रणं साठवायची डिस्क, आणि तिच्या आत उष्णता ओढून घेण्यासाठी एक मऊ पट्टी बसवायची असते. ती त्यांनी स्वतः बसवली, तरी डबी तापायचीच. कितीतरी दिवस डोकं खाजवल्यावर उघडून बघतात तर पट्टीवरचं पातळ प्लॅस्टिक तसंच. साऱ्या जगाचं प्लॅस्टिक सोलणाऱ्या माणसाने स्वतःचंच सोललं नव्हतं. ते प्लॅस्टिक चिमटीत धरून ते जिना उतरून खाली आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ‘घ्या ताई, तुमच्या संग्रहाला.’ तेवढं एकदाच मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं. वरून बाईंनी विचारलं, ‘मग?’

बाईंबद्दल सांगायला हवं. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून नवराही बाईच म्हणायचा. मूलबाळ नव्हतं. आवाज असा, की मैदानाच्या त्या टोकाला भांडणारी पोरं यांच्या एका हाकेवर सुटी व्हायची, हे वरच्यांनी मला अनेकदा सांगितलं. निवृत्त झाल्यावर लवकरच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. साऱ्या मराठी भाषेतून एकच शब्द त्यांच्याकडे उरला, ‘मग’. भूक लागली तरी मग, दुखलं तरी मग, रागावल्या तरी मग. बोलणं परत आणणारे उपचार पुण्यात चांगले होतात असं कुणी सांगितलं, म्हणून ही दोघं चंद्रपूर सोडून आली होती.

आणि वरच्यांना तो एक शब्द पुरायचा. संध्याकाळी गच्चीत बाईंची चाकाची खुर्ची आणून ते दिवसभराचं सगळं त्यांना सांगायचे. स्वारगेटला बस कशी चुकली, भाजीवालीने पालकात कसं गवत घातलं. बाई म्हणायच्या, ‘मग?’ ते पुढे सांगायचे. ‘मग?’ आणखी पुढे. मी खाली ओट्यावर कान देऊन ऐकायची. माझ्या नवऱ्याला सगळे शब्द येत होते, पण त्याने मला ‘मग?’ असं कधी विचारलं नव्हतं.

उपचार करणाऱ्या मॅडमनी एकदा सहज सांगितलं, ओळखीचे आवाज ऐकवत जा, मदत होते. त्या सहज बोलल्या आणि यांनी त्याचं व्रत केलं. ओळखीचा आवाज म्हणजे कुणाचा? तिचा स्वतःचा. मग त्यांनी बाईंचा आवाज जिथे जिथे सांडला होता तिथून गोळा करायला घेतला. नातेवाइकांकडून लग्नाच्या जुन्या कॅसेटी मागवल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनांची चित्रणं, कुणाच्या फोनमधले तुकडे, शुद्धलेखन सांगतानाची एक घरगुती टेप. नवरानवरीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एका पुतण्याचं पूर्ण लग्न त्यांनी कान लावून ऐकलं, त्यात मागे कुठेतरी बाईंचं एक वाक्य सापडलं: ‘अरे, पंगतीत मीठ कोण वाढून राहिलं?’ त्या दिवशी त्यांनी मला पेढे दिले.

हे सगळं ओळीने लावायचं होतं. अगदी तरुणपणीच्या आवाजापासून शेवटच्या धडधाकट दिवसापर्यंत. त्यांचं म्हणणं, बाई वाट चुकल्या आहेत, आणि ज्या वाटेने माणूस गेलं त्याच वाटेने त्याला परत आणावं लागते, मधूनच कुठून आणता येत नाही. आणि त्यातलं काहीही दाबून लहान करायला ते तयार नव्हते. नातीने सुचवलं होतं की फाईल छोटी करा, काम पटकन होईल. ते म्हणाले, ‘आवाज दाबला की माणूस दबते.’ त्यामुळे ते प्रकरण अवाढव्य झालं, आणि ते मावण्यासाठी ती डबी आली.

मला कळेल अशा भाषेत त्यांनी ती समजावली होती. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, कुरकुर करते, म्हणजे ती काम करते हे ऐकू येते. या नव्या डिस्कमध्ये काहीच फिरत नाही. च्युइंगमच्या पट्टीएवढी ती, गप्प राहून फार वेगाने काम करते, आणि खूप माल एका दमात ओतला की आतून तापते.

‘तापली की बंद पडते?’ मी विचारलं.

‘नाही ना ताई. हळू होते. जीव वाचवते स्वतःचा. थंड झाली की पुन्हा पळते.’

‘शहाणी आहे की.’

‘शहाणीच आहे. माणसाला नाही जमत ते.’

तेव्हापासून जिन्यात भेट झाली की मी खवचटपणे विचारायची, काय, तुमची शहाणी काय म्हणते? ते प्रामाणिकपणे तिचं तापमान सांगायचे. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा असायचा, आणि ते तो तापकऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे बघायचे. पाणी भरलेला मोठा कूलर बाईंच्या तोंडावर. दमट वारा डबीला चालत नाही, म्हणून तिला वेगळा टेबलपंखा. दोघींच्या मधे हे गृहस्थ, घामाने ओलेचिंब, कुणाच्याच वाऱ्यात नाहीत.

मला त्यांची दया यायची. दया आली की मी विणायला घेते. डबीला धूळ लागू नये म्हणून मी तो स्वेटर गुपचूप विणला. माप घ्यायला चहा देण्याच्या निमित्ताने वर जाऊन डबी बोटांनी मोजून आले होते. वाढदिवस की दिवाळी, कधी द्यावा ते ठरत नव्हतं.

मग बाईंना दुसरा झटका आला. त्यात ‘मग’ गेला.

इस्पितळात त्या नुसत्या डोळे उघडे ठेवून पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, काय ऐकवायचं ते ऐकवा, फार वेळ घालवू नका. वरचे त्या संध्याकाळी थोडा वेळ घरी आले, सगळं जोडून झालेली ती एकच मोठी फाईल डबीत उतरवायला लावली, आणि किल्ली माझ्या हातात दिली. सकाळपर्यंत उतरेल, मग घेऊन जातो. कुंड्यांना पाणी घाला, बाकी कशाला हात नका लावू. एवढं बोलून ते रिक्षात बसले.

दिवेलागणीला मी वर गेले. कुंड्यांना पाणी घातलं. खोलीत डोकावले तर आत माणूस नाही आणि टेबलपंखा आपला फिरतोय. माझा हात बटणाकडे गेला. तो मी नेला असं म्हणवत नाही. तो हात त्या पाटीचा होता, पन्नास वर्षं रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करत आलेला. पंखा थांबला. समोरच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, धूळ यायची, म्हणून खिडकी लावली. आणि मग ती डबी दिसली, बिचारी उघडी. मी खाली जाऊन स्वेटर आणला. तो इतका चपखल बसला, की मी दोन पावलं मागे होऊन बघत राहिले. ही अल्लड बाई त्या बंद खोलीत कमरेवर हात ठेवून स्वतःवर खूश होऊन उभी आहे, हे चित्र माझ्यापुढून अजून हलत नाही. तिला तिथून ओढून बाहेर काढावं असं मला रोज वाटतं.

सकाळी रिक्षा थांबल्याचं ऐकलं आणि मी चहा घेऊन त्यांच्या मागोमाग वर चढले, कौतुक ऐकायला. ते दारातच थबकले. मग पुढे होऊन त्यांनी दोन्ही हातांनी तो स्वेटर काढला, झोपलेल्या मुलाचा काढावा तसा, आणि डबीला पालथा हात लावला. हात झटकन मागे आला. बॉयलरजवळ आयुष्य काढलेल्या माणसाचा हात. पडद्यावर ती हिरवी पट्टी निम्म्यालाही पोचली नव्हती. रात्रभर ती शहाणी जीव वाचवत बसली होती.

त्यांनी स्वेटरची घडी घातली, टेबलावर ठेवली. खिडकी उघडली, पंखा लावला, शिवाय शिंदीच्या पानांचा हातपंखा घेऊन डबीशेजारी बसले. मी म्हटलं, झालंय तेवढं तरी घेऊन जा. ते म्हणाले, पूर्ण उतरल्याशिवाय ती फाईल उघडत नाही. मी म्हटलं, मग तुम्ही त्यांच्यापाशी जा, मी बसते वारा घालत, झालं की घेऊन येते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘तुम्ही?’

मला त्यांनी दिलेला सगळा दोष एवढाच. एका शब्दाचा.

ते वारा घालत राहिले. पट्टी जरा पळायची, पडदा सांगायचा की थोडाच वेळ राहिला. मग ऊन छतावर चढायला लागलं, त्या दोन खोल्या कोमट राहिल्या नाहीत, आणि पट्टी पुन्हा मुंगीच्या चालीला आली. पडद्यावरचा थोडा वेळ वाढत गेला. हात बदलून ते घालत होते, मी दारात उभी. कप हातातच गार झाला.

फोन वाजला तेव्हा पट्टीचा अगदी शेवटचा तुकडा राहिला होता. त्यांनी ऐकून घेतलं. ‘हो. हो जी,’ म्हणाले. फोन खाली ठेवला. आणि पुन्हा पंखा हातात घेतला.

मला वाटलं, बरी बातमी असावी. मी विचारलं, कशा आहेत? ते पट्टीकडे बघत म्हणाले की बाई गेल्या. आणि वारा घालत राहिले. पट्टी पूर्ण होईपर्यंत तो हात थांबला नाही. पूर्ण झाल्यावर त्यांनी ती गरम डबी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि जिना उतरून गेले. टेबलपंखा तसाच फिरत होता. या वेळी मी बटणाला हात लावला नाही. तो संध्याकाळपर्यंत रिकाम्या खोलीत फिरत राहिला, आणि मी पायरीवर बसून त्याचा आवाज ऐकत राहिले.

त्यानंतर काही दिवस ते राहिले. कशाला पालथा हात लावताना दिसले नाहीत. गच्चीत एकटेच बसायचे, आणि संध्याकाळी सवयीने एखादं वाक्य बोलायचे. पलीकडून ‘मग?’ यायचा नाही, म्हणून तिथेच थांबायचे. नात सुटीच्या दिवशी आली, तिला मी वरवरचं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं आजी, याला थ्रॉटलिंग म्हणतात. नॉर्मल आहे, इट्स अ सेफ्टी फीचर.’ मग स्वेटरवरून हसली. मीही तिच्याबरोबर हसले. या गोष्टीवर हसायला मी तेव्हापासून शिकले. ती गेल्यावर मिक्सरचं झबलं, फ्रिजचा मोजा, सगळं काढून टाकलं. जिन्यातली पाटी काढायला गेले तर तिच्याखाली भिंतीचा रंग पांढरा राहिलेला. ती जागा पाटीपेक्षा ठळक दिसते, अजूनही.

चंद्रपूरला परत जायच्या दिवशी ते किल्ली द्यायला खाली आले. टेबलावरच्या उघड्या मिक्सरकडे त्यांनी बघितलं. मी इतक्या दिवसांत एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते अर्ध्यातच मोडलं. कसंबसं विचारलं, बाईंचं ते सगळं तुम्ही ऐकलंत का? त्यांनी मान हलवली. फाईल उघडलीच नव्हती. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ती डबी काढली. तिला माझा मोरपंखी स्वेटर घातलेला होता, फूल बरोबर वरच्या बाजूला. मी म्हटलं, अहो, मी त्या दिवशी तो पंखा बंद केला नसता तर.

ते किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, ‘बंद केला ते बरंच झालं ताई. चालू राहिला असता, तर मी सकाळीच नेलं असतं, पहिल्यापासून सगळं ऐकवलं असतं तिला, अन् तरीही ती “मग” म्हणाली नसती, तर मी काय धरून जगलो असतो? आता निदान एवढं तरी म्हणता येते मला, की ऐकलं असतं तर बोलली असती.’